गोकर्णाचा निळा चहा आणि न पचणारे प्रथिन

कुंपणावर किंवा गॅलरीच्या गजांवर चढणारा गोकर्णाचा वेल आपल्याकडे कोणाला नवा नाही. पूजेच्या परडीत त्याची निळी-पांढरी फुले वर्षानुवर्षे पडत आली आहेत. अलीकडे मात्र हे फूल परडीतून थेट कपात आले आहे. वाळवलेल्या फुलांच्या पुड्या ‘ब्लू टी’ म्हणून विकल्या जातात. गरम पाण्यात चार फुले टाकली की पाणी गडद निळे होते आणि वर लिंबू पिळले की जांभळे. रंगाची ही गंमत पाहण्यासारखी आहे, यात शंका नाही. पण पुडीबरोबर दावेही येतात: वजन घटते, स्मरणशक्ती वाढते, ताण कमी होतो, त्वचा उजळते. आणि शेवटी हमखास एक वाक्य असते, ‘पूर्णपणे नैसर्गिक, त्यामुळे दुष्परिणाम नाहीत.’

या फुलाबाबत जगातल्या दोन मोठ्या यंत्रणांची मते मात्र वेगवेगळी दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये गोकर्णाच्या फुलांचा अर्क पेये, आइस्क्रीम, गोळ्या-चॉकलेटे अशा पदार्थांत खाद्यरंग म्हणून वापरायला मान्यता दिली. २०२५च्या मे महिन्यात ती मान्यता वाढवून नाश्त्याची सीरियल्स, क्रॅकर्स आणि चिप्स यांनाही लागू केली. खनिज तेलापासून बनणारे कृत्रिम खाद्यरंग हटवण्याची मोहीम तिथल्या सरकारने आदल्याच महिन्यात जाहीर केली होती. निळा रंग निसर्गात दुर्मीळ असल्याने गोकर्णाला भाव आला. युरोपात मात्र उलटे घडले. वाळवलेली फुले ‘पारंपरिक अन्न’ म्हणून विकू द्यावीत असा प्रस्ताव आला, तेव्हा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये सुरक्षिततेच्या मुद्द्यावर हरकत घेतली. त्या हरकतीत एका रेणुगटाचे नाव होते: सायक्लोटाइड.

एकच फूल, एका खंडात मान्य आणि दुसऱ्या खंडात अडवलेले. मग बरोबर कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधताना सायक्लोटाइड म्हणजे काय आणि ते काम कसे करतात हे समजून घ्यावे लागते. कारण निळ्या चहाच्या कपाखेरीज कपाशीवरची अळी, प्रसूतीच्या कळा आणि उद्याची काही औषधे हे सगळे विषय याच रेणूंशी जोडलेले आहेत.

काँगोतला काढा

गोष्ट सुरू होते १९६०च्या दशकात, मध्य आफ्रिकेतल्या काँगोमध्ये. रेड क्रॉसच्या मदतकार्यासाठी गेलेले नॉर्वेचे डॉक्टर लोरेन्ट्स ग्रान यांच्या लक्षात आले की तिथल्या लुलुआ समाजातल्या स्त्रिया बाळंतपणाच्या वेळी एका रानवनस्पतीचा काढा घोट घोट घेतात. वनस्पतीचे स्थानिक नाव ‘कलाता-कलाता’, शास्त्रीय नाव ओल्डेनलँडिया ॲफिनिस. काढ्याने कळा जोर धरतात आणि बाळंतपण लवकर उरकते, असा तिथला अनुभव होता.

ग्रान यांनी वनस्पती मायदेशी नेली आणि तिच्यातला प्रभावी घटक वेगळा केला. तो निघाला एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. (वनस्पतीत सेरोटोनिनही सापडले आणि गर्भाशयावरच्या परिणामात त्याचाही वाटा असू शकतो.) डॉक्टरांना कोड्यात टाकणारी बाब वेगळीच होती. काढा उकळून करतात आणि तोंडावाटे घेतात. अंडे उकडले की त्यातल्या प्रथिनांची घडी मोडते, हे आपण रोज पाहतो. डाळीतली प्रथिने जठरात आणि आतड्यात तुकडे-तुकडे होऊन पचतात. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते तीही याच कारणाने. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ते गिळले तर रक्तात पोहोचण्याआधीच पचून जाईल. मग हे पेप्टाइड उकळत्या पाण्यातून आणि पचनमार्गातून कसे तगून राहते?

उत्तर मिळायला १९९५ साल उजाडले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात डेव्हिड क्रेक यांच्या प्रयोगशाळेत ‘कलाता बी-१’ नावाच्या या पेप्टाइडची त्रिमितीय रचना उलगडली. रचना पाहिल्यावर कोडे सुटले, कारण या प्रथिनाला टोकच नव्हते.

कडे आणि गाठ

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. सामान्य माळेला दोन टोके असतात. कलाता बी-१ मध्ये २९ अमिनो आम्ले आहेत आणि पहिले शेवटच्याला जोडलेले आहे. माळ ओवून तिची टोके बांधून टाकावीत तसे ते कडे आहे. शिवण उसवायची तर आधी दोऱ्याचे टोक सापडावे लागते. पचनाच्या काही विकरांचेही तसेच असते. ती माळेच्या टोकापासून एकेक अमिनो आम्ल तोडत जातात. कड्याला टोक नाही, म्हणून त्यांचे काम सुरूच होत नाही.

पण विकरे फक्त टोकाकडून कुरतडत नाहीत. काही मधोमधही कात्री चालवतात. त्यांना रोखायला दुसरी सोय आहे. या माळेत सिस्टीन नावाची गंधकयुक्त अमिनो आम्ले सहा आहेत आणि ती दोन-दोन करून एकमेकांना घट्ट बांधलेली आहेत. असे तीन बंध. त्यातल्या दोन बंधांनी एक छोटे कडे तयार होते आणि तिसरा बंध त्या कड्यातून आरपार जातो. परिणामी सगळा रेणू आवळून बांधलेल्या मोळीसारखा कडक होतो. कात्री चालवायला लागणारी ढिलाईच त्यात राहत नाही. म्हणून तो उकळला तरी घडी सोडत नाही, आम्लात टिकतो आणि विकरांनाही दाद देत नाही.

कडे आणि गाठ अशी दोन्ही वैशिष्ट्ये असलेल्या वनस्पतिजन्य पेप्टाइडांना क्रेक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘सायक्लोटाइड’ हे नाव दिले. त्यानंतर ती एकामागून एक सापडत गेली: व्हायोलेटच्या कुळात, कॉफीच्या कुळात, काकडी-भोपळ्याच्या कुळात, बटाटा-वांग्याच्या कुळातल्या पेटुनियात. २०११ मध्ये ती गोकर्णात, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या कुळातही सापडली. आता शेकडो सायक्लोटाइड ज्ञात आहेत आणि एकेका झाडात त्यांची डझनावारी रूपे असतात. आपल्याकडे सर्दी-खोकल्याच्या काढ्यात पडणारा बनफशा हाही व्हायोलेटच होय आणि त्यातही सायक्लोटाइड आहेत.

काम चालते कसे?

टिकाऊ असणे ही झाली अर्धी गोष्ट. टिकून हे रेणू करतात काय?

क्वीन्सलँडच्या गटाने एक साधा प्रयोग केला. कलाता बी-१ चे कडे त्यांनी एका ठिकाणी उघडे ठेवून रेणू बनवला, गाठ मात्र तशीच राखली. रेणूचा आकार जवळपास पूर्वीसारखाच राहिला. पण मूळ कलाता बी-१ परीक्षानळीत तांबड्या रक्तपेशी फोडतो, ती ताकद उघड्या रेणूत उरली नाही. याचा अर्थ कडे हे फक्त संरक्षक कवच नाही, तर रेणूच्या कामाचाही भाग आहे.

पुढचा प्रश्न होता, रेणू पेशीला कुठे धरतो? बहुतेक संप्रेरके आणि औषधे पेशीवरच्या विशिष्ट प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, जाऊन चिकटतात. ग्राहीचा साचा ठरलेला असतो. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात बसत नाही, तसा रेणूचा आरशातला जुळा त्या साच्यात बसत नाही. म्हणून संशोधकांनी कलाता बी-१ ची नेमकी आरशातली प्रतिमा प्रयोगशाळेत बनवली. तिचा जोर मूळ रेणूपेक्षा कमी भरला, पण तिनेही रक्तपेशी फोडल्या. प्रथिनाच्या साच्याशी व्यवहार असता तर हे घडले नसते.

मग व्यवहार कोणाशी? पेशीभोवतीच्या स्निग्ध आवरणाशी, म्हणजे पेशीपटलाशी. पेशीपटल अनेक प्रकारच्या स्निग्ध रेणूंनी बनते. त्यातला एक आहे फॉस्फॅटिडिल-इथेनॉलअमाइन, थोडक्यात ‘पीई’. कलाता बी-१ चा एक भाग पीईचे डोके ओळखून धरतो आणि दुसरा, पाण्याला टाळणारा भाग पटलात रुततो. एकाशेजारी एक असे पुष्कळ रेणू जमले की पटलाला भोके पडतात. पेशी गळू लागते, फुगते आणि फुटते.

आता पीई कुठे असतो ते पाहिले की या रेणूंचे निरनिराळे परिणाम एका सूत्रात येतात. आपल्या निरोगी पेशींत पीई बहुतांशी पटलाच्या आतल्या बाजूला असतो. कीटकांच्या पेशीपटलात त्याचे प्रमाण मोठे असते. अनेक कर्कपेशींत तो बाहेरच्या बाजूला येतो. एचआयव्हीसारख्या विषाणूंच्या स्निग्ध आवरणातही तो असतो. म्हणून हीच पेप्टाइडे प्रयोगशाळेत अळीला मारतात, कर्कपेशींवर आणि एचआयव्हीवरही परिणाम दाखवतात. आणि मात्रा वाढली की निरोगी पेशींनाही सोडत नाहीत.

सगळे सायक्लोटाइड मात्र भोकेच पाडतात असे नाही. काँगोतल्या काढ्याचा गर्भाशयावर होणारा परिणाम वेगळ्या वाटेने जातो. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातले क्रिस्तियान ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की त्याच वनस्पतीतला कलाता बी-७ हा रेणू ऑक्सिटोसिनच्या ग्राहीला चिकटून ती चेतवतो. ऑक्सिटोसिन म्हणजे कळा आणणारे संप्रेरक. प्रसूतिगृहात त्याचे इंजेक्शन रोज वापरले जाते. कलाता बी-७ त्याच्याइतका जोरकस नाही, पण रस्ता तोच आहे. लुलुआ स्त्रियांच्या अनुभवामागे ठोस कारण होते, हे यातून कळते.

तिसरी तऱ्हा गाक या फळात दिसते. आग्नेय आशियातले हे फळ म्हणजे आपल्या करटोलीचे भावंड. त्याच्या बियांतले ३४ अमिनो आम्लांचे चक्रीय पेप्टाइड ट्रिप्सिन या पचनविकराला अडवते. पेशी फोडणे हा त्याचा धर्म नाही. एकच सांगाडा, पण बाहेरच्या वळणावरची दोन-चार अमिनो आम्ले बदलली की काम बदलते.

अळीच्या पोटात

झाडाने ही यातायात आपल्या चहासाठी किंवा औषधासाठी केलेली नाही. त्याला वाचवायची असते ती स्वतःची पाने. २००१ मध्ये प्रयोगात दिसले की कलाता बी-१ मिसळलेले अन्न खाणाऱ्या हेलिकोव्हर्पा जातीच्या अळ्यांची वाढ खुंटते. २००८ मध्ये त्याचे कारण समजले. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या अळीच्या मधल्या आतड्यातल्या पेशी फुगतात आणि फुटतात. ही अळी आपल्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीची आहे. हरभऱ्यावर ती घाटेअळी, तर कपाशीवर हिरवी बोंडअळी.

गोकर्णाची हुशारी आणखी एक पायरी वर आहे. २०१६ मधल्या एका अभ्यासात आढळले की या वेलाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी सायक्लोटाइड असतात. जमिनीशी संबंध येणाऱ्या भागांतली सूत्रकृमींवर अधिक प्रभावी, तर जमिनीवरच्या भागांतली अळ्यांवर. ज्या भागाला ज्या शत्रूपासून धोका, त्या भागात त्याच्यावरचे शस्त्र. चहाच्या चर्चेत ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ‘गोकर्ण’ असे सरसकट म्हणून भागत नाही. फूल, पान, बी आणि मूळ यांची रसायने एक नाहीत.

ऑस्ट्रेलियात या ज्ञानाचा व्यापारी उपयोग झालेला आहे. गोकर्णाच्या अर्कापासून बनवलेले ‘सेरो-एक्स’ नावाचे कीटकनाशक तिथे कपाशी आणि मॅकाडेमियाच्या बागांसाठी बाजारात आले. आपल्यासाठी यात विचार करण्यासारखे आहे. बीटी कपाशीतले विष अळीच्या आतड्यातल्या विशिष्ट प्रथिनांना धरते. त्या प्रथिनांत बदल झाले की विष निष्प्रभ होते. गुलाबी बोंडअळीने नेमके हेच केले आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कपाशीची दैना झाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नवे, कमी घातक कीडनियंत्रण ही आपली तातडीची गरज आहे.

सायक्लोटाइड प्रथिनाऐवजी पटलातल्या स्निग्ध रेणूला धरत असल्याने अळीला त्यातून निसटणे अवघड जावे, असा तर्क करता येतो. पण तो तर्कच आहे. शेतात वर्षानुवर्षे वापरून सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. शिवाय प्रयोग हिरव्या बोंडअळीवर झाले म्हणून गुलाबी बोंडअळीवर तोच परिणाम गृहीत धरता येत नाही. गोकर्ण उकळून फवारा, असा सल्ला देणारे उद्या भेटतील. प्रमाणित मात्रेचा, तपासलेला अर्क आणि घरच्या पातेल्यातला काढा यांत फरक असतो हे त्यांना सांगावे लागेल.

औषधाची आशा

ज्या गुणामुळे ही पेप्टाइडे अळीला पचत नाहीत, तोच गुण औषधनिर्मितीत सोन्याच्या मोलाचा आहे. अनेक उत्तम औषधे प्रथिन किंवा पेप्टाइड जातीची असतात. पोटात टिकत नाहीत म्हणून ती टोचावी लागतात. सायक्लोटाइडच्या भक्कम सांगाड्यावर औषधाचा छोटा भाग बसवला तर तो गोळीच्या रूपात देता येईल का, यावर जगभर काम चालू आहे.

काही निकाल उमेद देणारे आहेत. कलाता बी-१ मधले विसाव्या स्थानचे एक अमिनो आम्ल बदलून बनवलेला टी-२०-के हा रेणू शरीराच्या प्रतिकारपेशींची बेसुमार वाढ रोखतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात प्रतिकारशक्तीच चेतातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. उंदरांमधल्या तशाच विकारात हा रेणू तोंडावाटे दिल्यावर लक्षणे कमी झाली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

असे रेणू बनवायचे कसे, या प्रश्नातही गोकर्णाने मदत केली. सरळ माळेची टोके जोडून कडे करणे रसायनशास्त्रज्ञांना जिकिरीचे जाते. सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या जेम्स टॅम यांच्या गटाने गोकर्णाच्या शेंगांतून हे काम करणारे विकर वेगळे काढले आणि २०१४ मध्ये जाहीर केले. त्याचे नाव ब्युटेलेज-१. माळेची टोके ते काही मिनिटांत जोडून देते. आता ते प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांचे हत्यार झाले आहे.

याच संशोधनात इशारेही आहेत आणि ते मथळ्यात येत नाहीत. सुगंधी व्हायोलेटमधला सायक्लोव्हायोलॅसिन ओ-२ हा रेणू परीक्षानळीत कर्कपेशी मारतो, म्हणून त्याची उंदरांवर चाचणी झाली. दर किलो वजनाला दीड मिलिग्रॅम टोचल्यावर उंदरांना काही झाले नाही. दोन मिलिग्रॅमला उंदीर मेले. आणि गाठींच्या वाढीवर उल्लेखनीय परिणाम झालाच नाही. काहीच न होणे आणि मृत्यू यांत अर्ध्या मिलिग्रॅमचे अंतर. ‘अमुक वनस्पती कर्करोगाच्या पेशी मारते’ असा संदेश फोनवर येईल तेव्हा ही चाचणी आठवावी. परीक्षानळीत पेशी मारणे सोपे आहे. रुग्णाला जिवंत ठेवून फक्त कर्कपेशी मारणे कठीण, आणि औषध म्हणतात ते त्यालाच.

मग निळ्या चहाचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिका बरोबर की युरोप? बारकाईने पाहिले तर दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे होते.

अमेरिकेत मान्यता मिळाली ती रंगाला. फुले पाण्यात उतरवून, अर्क गाळून, घट्ट करून, पाश्चरीकरण करून बनवलेला द्रव. त्याची आम्लता किती, त्यात शिसे-आर्सेनिक किती चालेल हे ठरवून दिलेले. तो कोणत्या पदार्थांत वापरायचा याची यादी दिलेली. रंग देतात ती अँथोसायनिन रंगद्रव्ये. सायक्लोटाइडचा रंगाशी काही संबंध नाही. आणि पदार्थाला रंग आणण्यापुरताच हा अर्क लागतो. युरोपात प्रश्न होता सबंध वाळलेल्या फुलांचा. तिथल्या नियमानुसार बाहेरच्या देशातले अन्न ‘पारंपरिक’ म्हणून आणायचे तर त्या देशात किमान २५ वर्षे ते सुरक्षितपणे खाल्ले गेल्याचा दाखला लागतो. थायलंड आणि मलेशियात या फुलांचे सरबत आणि निळा भात लोक फार पूर्वीपासून खात-पीत आले आहेत. पण फुलात जैविकदृष्ट्या सक्रिय, न पचणारी पेप्टाइडे आहेत, हे कळल्यावर परंपरेचा दाखला पुरेसा नाही, अशी भूमिका प्राधिकरणाने घेतली. हरकत म्हणजे ‘हे विष आहे’ असा निकाल नव्हे. सुरक्षितता आधी दाखवा, असे ते सांगणे आहे.

वाचकाने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, घाबरण्याचे कारण नाही. एखादा पेप्टाइड पोटात टिकतो म्हणून तो रक्तात शिरतोच असे नाही. न पचणे आणि शोषले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुणे आल्यावर गंमत म्हणून केलेला कपभर निळा चहा आणि आग्नेय आशियातला निळा भात यांना धोकादायक ठरवण्यासारखा पुरावा नाही.

दुसरी गोष्ट, गंमत आणि औषध यांत फरक करायला हवा. ‘वजन घटवण्यासाठी रोज तीन कप, तीन महिने’ असे कोणी सांगते तेव्हा ते मात्रा सांगत असते. मात्रा आली की औषधाला विचारतात ते सगळे प्रश्न आले: कोणता भाग, किती, किती दिवस, कोणासाठी नाही? पुडीवर याची उत्तरे नसतात. गरोदर स्त्रियांनी असा नेमाचा चहा टाळावा, हेच शहाणपणाचे. गोकर्णाच्या फुलाने कळा येतात असा पुरावा नाही; पण याच घराण्यातल्या रेणूंची ओळख जगाला बाळंतपणाच्या काढ्यातून झाली, एवढे कारण सावध राहायला पुरते. उकळल्याने यातला प्रभावी घटक नाहीसा होईल, हा समजही इथे लागू पडत नाही.

तिसरी गोष्ट नावाची. दक्षिण भारतात गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणून वापरतात. इतरत्र शंखपुष्पी म्हणजे जमिनीवर पसरणारी, वेगळ्याच कुळातली वनस्पती. बुद्धिवर्धक म्हणून शंखपुष्पीचे जे गुण सांगितले जातात ते जाहिरातीत बिनदिक्कत निळ्या चहाला चिकटवले जातात. कुळच वेगळे असेल तर आतली रसायने तीच कशी असतील? पुडीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग छापणे सक्तीचे केले, तर असा अर्धा गोंधळ आपोआप मिटेल. हे काम ग्राहकाचे नाही, नियामकाचे आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही, ना सुरक्षितता ना धोका. गोकर्णाचा वेल अळीसाठी विष बनवतो, प्रयोगशाळेला विकर पुरवतो आणि आपल्या कपात रंग उतरवतो. यातले आपल्या वाट्याला नेमके काय येते हे ठरते ते भाग, मात्रा आणि कृती यांवरून. काँगोतल्या सुईणींनाही कोणती वनस्पती, कधी आणि किती घोट हे माहीत होते. पुडी विकणाऱ्यांकडून निदान तेवढ्या माहितीची अपेक्षा आपण ठेवायला हरकत नाही.